कपाटावरचं कॅलेंडर

॥ श्री ॥

निपाणी,
१४ डिसेंबर २०२५

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आप्पा, त्यात एवढं काय आहे? पंचवीस वर्षं झाली, नियमात बसतं, रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर करा." मी 'बघू' म्हटलं आणि विषय तंबाखूच्या दरावर नेला. तुला राग आला असणार. तुझी आईही म्हणाली, पोराला तोडून बोललात. म्हणून हे लिहायला बसलोय. फोनवर तू मला मधेच अडवतोस, मग माझा आवाज चढतो आणि सांगायचं ते राहून जातं.

नियमाचं तुझं बरोबर आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. परवानेवाला सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडं राहिलं, यातलं जे आधी होईल तेव्हा वारसाला परवाना मागता येतो. आपल्या घरात ते २००० सालच्या पावसाळ्यात आलं, तू तीन महिन्यांचा होतास. म्हणजे तू आणि ते एका वयाचे. ताईची संमती, तुझ्या प्रशिक्षणाचा दाखला, पोलिसांची चौकशी आणि मग बेळगावला डीसी ऑफिसच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीच्या, फेऱ्या, एवढं सगळं लागेल. अर्ज मी आणून ठेवलाय. भरलेला नाही.

तू पाठवलेले व्हिडिओ बघितले, तिन्ही. तो टी-शर्टवाला अमेरिकन पोटापासून पिस्तूल काढतो, सेकंदाच्या आत दोन गोळ्या, लोखंडी पाटी टणकन वाजते. चांगला हात आहे त्याचा, खोटं का बोलू. पण त्याच्या पायाशी काय ठेवलंय ते बघितलंस का? काडतुसांची बादली! टेक्सासमध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून एकवीस वर्षांच्या पुढच्या माणसाला, कायद्यानं त्याच्यावर बंदी नसेल तर, परवान्याशिवायही पिस्तूल कमरेला लावून फिरता येतं. आपल्याकडं किती काडतुसं जवळ ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची हे परवान्यावर लिहिलेलं असतं. तू ज्याचं नाव घेतलंस ते नऊ एमएमचं पिस्तूल तर आपल्याला मिळायचंच नाही, तो बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, सामान्य माणसाला बंद. आपलं आहे ते कानपूरच्या सरकारी कारखान्याचं पॉइंट बत्तीस. अंगठ्यानं खटका दाबला की नळी खाली मोडते आणि सहाही काडतुसं एकदम वर उचलली जातात. जुन्या चालीचं, चाप लांब आणि जड. त्या टी-शर्टवाल्याच्या हातात दिलं तर तो हसेल.

मला शिकवलं ते हवालदार मामांनी. मराठा लाइट इन्फंट्रीतनं निवृत्त होऊन गावाकडं शेती करत होते, तुला अंधूक आठवत असतील. लुंगी, पांढऱ्या मिशा, चहात बशीभर साखर. बेळगावच्या सेंटरला त्यांनी रंगरूटांना हत्यार शिकवलेलं. मी रिव्हॉल्व्हर घेऊन त्यांच्याकडं गेलो आणि म्हटलं, "मामा, गोळी मारायला शिकवा." ते म्हणाले, "गोळ्या घरात ठेव, हत्यार घेऊन ये." सहा महिने एकही गोळी मारू दिली नाही.

त्या सहा महिन्यांत काय केलं? दुकानातनं खोटी काडतुसं आणली होती, डमी. रिकाम्यावर घोडा, म्हणजे चाप ओढला की मागनं पडणारा हातोडा, सारखा आपटला तर आतली पिन खराब होते म्हणून ती घालायची. भिंतीवर खडूचा ठिपका. समोरच्या माशीवर नजर, म्हणजे नळीच्या टोकाला जो उंचवटा असतो त्याच्यावर. ठिपका धूसर दिसला तरी चालेल, माशी स्वच्छ दिसली पाहिजे. मग नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि चाप ओढायचा. घोडा पडेपर्यंत नाणं हललं नाही तर ती एक वेळ जमली असं धरायचं. पहिल्या दिवशी पन्नासातनं तीन वेळा जमलं. नाणं पडलं की मामा काही बोलत नसत, फक्त वाकून उचलून परत ठेवत. त्यांचं वय बघता मलाच लाज वाटायची.

जड चापाचं दुखणं असं की बोटाबरोबर सगळी मूठ आवळते आणि नळी खाली जाते. लोकांना वाटतं नेम डोळ्याचा असतो. डोळ्यानं नेम धरणं दहा मिनिटांचं काम आहे, ते तूही शिकशील. बोट एकटं हललं पाहिजे आणि बाकीचा हात मेल्यासारखा राहिला पाहिजे, त्याला वर्ष लागतं. आणि महिनाभर सोडलं की गेलं. आता मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, अजून रोज रात्री जेवणाआधी वीस वेळा नाणं ठेवतो. दार लावून मी आत काय करतो असं तू लहानपणी विचारायचास ना? हेच.

काढायचा सराव त्यांनी आकड्यांवर बसवला. 'एक' म्हटलं की डाव्या हातानं शर्ट वर आणि उजव्या हातानं होल्स्टरमध्येच, म्हणजे कमरेच्या म्यानातच, मूठ पूर्ण धरायची, नंतर सावरू म्हणून नाही. 'दोन'ला सरळ वर. 'तीन'ला छातीशी, दुसरा हात येऊन मिळाला. 'चार'ला पुढं, नजर माशीवर. चारपर्यंत बोट चापाबाहेर, सांगाड्याला लागून सरळ. इतकं सावकाश करायला लावत की कंटाळा यावा. वेग आपोआप येतो म्हणायचे, आणि तो खरंच आला. पण त्यांचा सगळा जीव परत ठेवण्यात. काढताना माणूस सावध असतो, ठेवताना ढिला पडतो. शर्टाचं टोक होल्स्टरमध्ये अडकतं, चापाला लागतं आणि आपलीच मांडी फुटते. म्हणून ठेवताना खाली बघायचं, कापड बाजूला करायचं, अंगठा घोड्यावर ठेवायचा म्हणजे तो मागं सरकायला लागला तर कळतं. व्हिडिओतला तुझा माणूस न बघता खाडकन ठेवतो. ते शिकू नकोस.

आता जे मी तुला कधी सांगितलेलं नाही ते सांगतो. तुझ्या आईला माहीत आहे, मामांना माहीत होतं, तिसऱ्या कुणाला नाही.

आपल्या मधल्या खोलीतल्या सागवानी कपाटाच्या दारावर कायम कॅलेंडर असतं. दरवर्षी नवं येतं, पण जागा तीच. तू एकदा ते स्वयंपाकघरात लावलंस तर मी ओरडलो होतो, आठवतंय? त्या कॅलेंडरमागं भोक आहे.

२००३ चा श्रावण. मी रिव्हॉल्व्हर पुसायला काढलं होतं. सहाही काडतुसं काढून टेबलावर मांडली, पुसलं, तेल दिलं, परत भरून ठेवलं. तेवढ्यात वखारीतनं फोन आला, कामगारांच्या हजेरीचं काहीतरी भांडण. पंधरा मिनिटं बोललो, डोकं तापलं. परत आलो, हत्यार टेबलावर दिसलं, आणि माझ्या डोक्यात हेच की आज नाण्याचा सराव राहिलाय. उचललं, कपाटाच्या कडीवर नजर धरली आणि चाप ओढला.

कपाटाच्या मागं भिंत आहे, ती जुनी मातीची. भिंतीपलीकडं तुझी आई तुला मांडीवर घेऊन भात भरवत होती. गोळी कपाटाचं दार, दोन शालू आणि मागची फळी फोडून भिंतीत रुतली. आरपार गेली नाही. मी पळत गेलो तर तू हसत होतास, फटाका वाजला असं तुला वाटलं. तुझ्या आईच्या हातातला घास तसाच होता.

मी त्या रात्री मामांकडं गेलो आणि हत्यार त्यांच्या पुढ्यात ठेवून म्हटलं, हे परत करतो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भरलेलं आन् सरावाचं एका टेबलावर कसं आलं?" एवढाच प्रश्न. तेव्हापासून सराव असला की काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. भरायचं आणि उतरवायचं फक्त मागच्या सोप्यात, वाळूच्या बादलीकडं तोंड करून. हातात घेतलं की नळी मोडून डोळ्यानं बघायचं आणि मग बोट फिरवून सहाही घरं मोजायची, आत्ताच बघितलं असलं तरी. मधे फोन आला, कुणी हाक मारली, की सराव तिथंच संपला. परत पहिल्यापासून. बावीस वर्षांत यातलं एकही मोडलेलं नाही. कॅलेंडर मी भोक झाकायला लावलं, हे खरं. पण रोज तारीख बघताना मला भोकच दिसतं.

कमरेला लावून वावरणं हा वेगळाच संसार आहे, व्हिडिओत ते कुणी दाखवत नाही. पाऊण किलोच्या आसपासचं वजन एका बाजूला, त्याला साधा पट्टा चालत नाही, जाड कातडी दुहेरी पट्टा लागतो नाहीतर सारखी विजार वर ओढत बसावं लागतं आणि सगळ्या बाजारपेठेला कळतं. शर्ट बाहेर, एक माप मोठा. नियमच असा आहे की सार्वजनिक ठिकाणी होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि ताब्यात राहील असंच न्यायचं. मूठ दाखवत हिंडणारे दोघं-तिघं मला माहीत आहेत, त्यांची नावं नको. पावसाळ्यात घामानं आणि दमटपणानं गंज धरतो, म्हणून एक दिवसाआड तेलाचं फडकं. पण तेल जास्त झालं की काडतुसात शिरतं, म्हणून बाळगायच्या सहा गोळ्या दरवर्षी सरावात मारून नव्या घालायच्या. एक काडतूस शंभरीच्या पलीकडं जातं, हिशेब तूच कर. संडासाला बसताना पट्टा सुटला की हे जड अंगाला कलंडतं. एका ढाब्यावर माझं फरशीवर आपटलेलं आहे. त्या दिवशी आपण काय जोखीम अंगावर घेऊन फिरतो ते चांगलं कळलं.

आणि कुठं लावायचं नाही हेच जास्त. आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या यात्रेत नाही, एवढ्या गर्दीत कुणाचा हात कुठं लागेल सांगता येत नाही. लग्नात नाही. वरातीत हवेत बार काढायचा कुणी आग्रह केला तर तिथनं उठायचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्या दिवशी कमरेला आहे त्या दिवशी थेंबभरही दारू नाही. १ नोव्हेंबरला, आपल्या सीमाभागातल्या मराठी माणसांच्या काळ्या दिनाच्या निषेध फेरीत, मी दरवर्षी असतो हे तुला माहीत आहे. त्या दिवशी ते तिजोरीत असतं आणि किल्ली तुझ्या आईकडं. आपलं म्हणणं आपण तोंडानं मांडतो, कमरेला काही असेल तर ते म्हणणं उरत नाही. या गावानं गोळ्या बघितल्यात. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात शेतकरी गोळीबारात पडले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. तुझे आजोबा म्हणूनच घरात हत्यार नको म्हणायचे. ते गेल्यावरच मी अर्ज केला.

सीमेची गंमत या परवान्यानं मला जितकी शिकवली तितकी कुठल्या भाषणानं नाही. माझ्या परवान्यावर क्षेत्र लिहिलंय: कर्नाटक राज्य. म्हणजे कोगनोळीपर्यंत मी परवानेवाला. दूधगंगेचा पूल ओलांडून कागलला तुझ्या मावशीकडं गेलो की तेच हत्यार, तीच कमर, तोच माणूस, आणि गुन्हेगार. भाषा बदलत नाही, पाव्हणे बदलत नाहीत, कायदा बदलतो. म्हणून कोल्हापूरला जाताना ते घरी. निवडणुकीला तर आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा. गेल्या लोकसभेला आपल्या चिकोडीचं मतदान ७ मे २०२४ ला झालं, निकाल ४ जूनला, तोवर मी कमरेनं हलका हिंडत होतो. खरं सांगू, बरं वाटलं.

आता घाटातली गोष्ट. ती तू अर्धी ऐकलीयस, चुलत्यानं रंगवून सांगितलेली. पुरी ऐक.

२०११ चा फेब्रुवारी. बेळगावहून मालाचे पैसे घेऊन येत होतो, बोलेरोत मी एकटाच, पायाशी पिशवीत सात लाख. तवंदी घाटात रात्री साडेआठच्या सुमाराला मोटरसायकलवरची दोन पोरं बरोबरीनं आली आणि गाडीखाली बोट दाखवून ओरडायला लागली, "ऑइल, ऑइल!" हा डाव मला माहीत होता. गाडीतनं ऑइल गळतंय म्हणून थांबवायचं आणि पिशवी उचलायची, आपल्या दोन व्यापाऱ्यांना असं लुटलेलं. पण पाय सवयीनं ब्रेकवर गेला. ती पुढं जाऊन थांबली. एकजण खिडकीकडं चालत आला. एक हात मागं.

माझा हात कमरेला गेला. अंगात स्वेटर होता, आणि सीटबेल्टचा खालचा पट्टा बरोबर उजव्या कमरेवरनं जातो, होल्स्टरच्या वरनं. दोनदा ओढलं. मुठीत नुसती लोकर आली. अकरा वर्षं रोज उभ्यानं सराव केला होता. गाडीत बसून, स्वेटर घालून, बेल्ट लावून एकदाही नाही. तो पोरगा खिडकीपासून चार हातांवर आला तेव्हा मी कमर सोडली, गिअर टाकला आणि गाडी दामटली. निपाणीच्या दिव्यांपर्यंत मागं बघितलं नाही.

सकाळी वखारीत गाडी उभी होती तिथं फरशीवर काळं थारोळं. चेंबरचा नट ढिला झालेला. मिस्त्री म्हणाला, अजून दहा मैल गेला असता तर इंजिन धरलं असतं.

ऑइल खरंच गळत होतं, समीर.

त्या पोराच्या मागच्या हातात काय होतं ते मला आजही माहीत नाही. बॅटरी असेल. फडकं असेल. कोयताही असेल, ऑइल दिसलं म्हणून त्यांनी संधी साधली असेल. पण माझा हात त्या रात्री तुझ्या त्या टी-शर्टवाल्याइतका चलाख असता, तर सेकंदात रिव्हॉल्व्हर बाहेर असतं, आणि मी भेदरलेलो होतो. पुढचं मला नीट लिहवत नाही.

मामांना सांगितलं. ते म्हणाले, आता खरं शिकवतो. तोपर्यंत मला वाटत होतं मी शिकलोय! त्यांनी मला खुर्चीत बसवलं, स्वेटर घालून, कमरेवरनं दोरी बांधून. आधी डाव्या हातानं बेल्ट सोडायचा, तो मोकळा होईपर्यंत उजवा हात हलवायचा नाही. ते बसलं. मग ते दाराआड जायचे आणि बाहेर यायचे, कधी हातात कोयता, कधी झाडू, कधी तांब्या, कधी दोन्ही हात रिकामे. मी हात बघायचे, तोंड नाही. कोयता असला तरच 'चार' म्हणायचं. डमीच घातलेल्या, खरी काडतुसं निपाणीत आपल्या घरी, मामांच्या घरी नाहीतच, आणि तरीही नळी त्यांच्याकडं कधी करू दिली नाही, बाजूच्या वाळूच्या पोत्याकडं. दहातल्या सात वेळा गोष्ट रिव्हॉल्व्हर काढण्यापर्यंतही जायची नाही. 'थांब! मागं हो!' म्हणून ओरडायचं, आणि लगेच कन्नडमध्ये, 'निल्लु! हिंदे सरी!' घाटातला माणूस कुठल्या भाषेचा आहे हे आपल्याला आधी कळत नाही. मामा सैन्यात राहून दोन्ही बोलायचे. मी पहिल्यांदा कन्नडमध्ये ओरडलो तर त्या दिवशी बरोबर आलेली तुझी आई बाहेर आली, कोण पाव्हणे आले म्हणून.

ओरडण्याचाही सराव लागतो हे तुला हास्यास्पद वाटेल. भीतीनं घसा बंद होतो. मी त्या रात्री खिडकीतनं एक शब्द बोललो नव्हतो.

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीचे एक पोलीस शिक्षक होते, डेनिस ट्यूलर. १९८३ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की सुरी घेतलेला माणूस एकवीस फुटांवरनं दीड सेकंदात अंगावर येतो, आणि साधारण शिकलेल्या माणसाला पिस्तूल काढून मारायला तेवढाच वेळ लागतो. तू हे मला फोनवर सांगितलंस, बरोबर सांगितलंस. पण तू त्यातनं 'लवकर काढायला शिकलं पाहिजे' एवढंच घेतलंस. मी असं घेतो की एकवीस फुटांत येऊ देईपर्यंत आपण काय करत होतो? काच खाली का होती, ब्रेक का मारला, रात्री एकटा रोकड घेऊन का निघालो? त्या वर्षीपासून मी अंधार पडल्यावर पैसे घेऊन घाट उतरलो नाही. रिव्हॉल्व्हरपेक्षा या एका गोष्टीनं मला जास्त वाचवलं असणार.

कायद्याचं थोडक्यात, वकिलाकडनं पुन्हा समजून घे. स्वसंरक्षणाचा हक्क आधी आयपीसीत, म्हणजे जुन्या दंड संहितेत, ९६ ते १०६ कलमांत होता, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ मध्ये आहे. सार तेच राहिलंय. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. पोलिसांकडं जायला वेळ असेल तर हा हक्क नाही. जिवाची भीती असेपर्यंतच हक्क, समोरचा पाठ फिरवून पळाला की आपण मारणारे. सात लाखांची पिशवी घेऊन पळाला तर पळू द्यायचा. तू 'आप्पा, सात लाख!' म्हणशील. सात लाख मी पुढच्या दोन हंगामांत भरून काढले असते.

आणि मुळात आता गरज किती? मी परवाना मागितला तेव्हा शेतकऱ्याला रोख, बायकांच्या हप्त्याची मजुरी रोख, सगळं पोत्यानं. आता पैसे खात्यावर जातात, हमालसुद्धा मोबाइल पुढं करतो. गेल्या वर्षीची डायरी बघितली, कमरेला लावलं ते एकतीस दिवस. सराव मात्र तीनशेच्या वर दिवस. हे गणित तुला पटतं का बघ. एकतीस दिवसांसाठी तीनशे दिवस द्यायची तयारी नसेल तर ते घेऊच नकोस. अर्धवट सरावाचं हत्यार घरात असण्यापेक्षा पोलीस ठाण्यात जमा केलेलं बरं. मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल, पंचवीस वर्षं आहेत.

पुण्यात बसून तुला आत्ताच सुरुवात करता येईल. दहा मीटरचं एअर पिस्तूल, साडेचार मिलिमीटरचं, ठरलेल्या ताकदीच्या आतलं, त्याला परवाना लागत नाही. ते दूधगंगेवर अडत नाही! रेंजवर नाव घाल. आपल्या शेजारच्या कोल्हापूरची राही सरनोबत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. भारतीय बाईचं नेमबाजीतलं पहिलं आशियाई सुवर्ण. तिच्यासारखं मेडल आणायला मी सांगत नाही. पण एका हातानं उभं राहून, साठ गोळ्या, सव्वा तास, शांत राहता येतं का ते बघ. पन्नासाव्या गोळीला तुझा स्वभाव तुलाच दिसेल. तू लवकर चिडतोस, माझ्यासारखाच, म्हणून सांगतो. खऱ्या गोळीचं शिक्षण कर्नाटक पोलीस नागरिकांना देतात, सगळं कन्नडमध्ये चालतं. चौथीपर्यंत शिकलास तेवढं पुरेल.

नाताळच्या सुट्टीत येणार आहेसच. आलास की हातपाय धुऊन आधी मधल्या खोलीत जा, कॅलेंडर काढ, आणि त्या भोकात बोट घालून बघ. मग कपाट उघडून आतल्या फळीतलं बघ. शालू आईनं ठेवलेत अजून, तेही माग. भिंतीतली गोळी मी काढलेली नाही.

अर्ज टेबलाच्या डाव्या खणात आहे, पेन त्यावरच ठेवलंय. फोटो लागतात, ते पुण्यातच काढून आण.

तुझा,
आप्पा

ता. क. आईनं विचारलंय, गाडी कुठली आणि किती वाजता पोचणार. रात्रीची नको.